चुकलेला पाइप दुरुस्त करा, पण लपवू नका

तंबाखूचे पाइप ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाजवळच्या गाठीचे बनतात. घासता घासता, अगदी शेवटी त्यात बारीक खड्डा निघतो. खड्डा बाहेरून असेल तर पुट्टी भरून चकचकीत करण्यापेक्षा तो भाग कोरून खडबडीत करा. छान दिसतो! धुराचं भोक तळापेक्षा थोडं वर पडलं, तर राख-पाण्याचा लेप देऊन तळ वर घेता येतो. पण तंबाखू जळतो तिथे आरपार चीर असेल, तर इपॉक्सी अजिबात नको. ती तापते, आणि धूर गिऱ्हाइकाच्या तोंडात जातो. तो पाइप बाद!

माझं मत सरळ आहे: दुरुस्ती सांगा, भाव कमी लावा. ‘सेकंड’ म्हणून विकल्याने नाव जात नाही, लपवून विकल्याने जातं.