हंगामात मागे राहणाऱ्या पोरांसाठी

मा. शालेय शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, सामाजिक न्यायमंत्री आणि साखर आयुक्त यांस,



दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात आणि बीड, पाथर्डीकडची गावं ओस पडतात. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, हा कोयता गावाकडे फिरकत नाही. पोरांची शाळा सुटू नये म्हणून तुम्ही हंगामी वसतिगृहं चालवता. संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना 2021 मध्ये आणलीत. फडात वाढे गोळा करण्यापेक्षा पोर वर्गात बसलेलं बरं, याबद्दल वाद नाही. पण तपासणीला आलेला साहेब ताटं मोजतो, हजेरी मोजतो आणि जातो. पोराच्या मनात काय चाललंय हे बघायचं काम कोणालाच नेमून दिलेलं नाही.

निघताना आजीजवळ राहणारं धाकटं रडून गोंधळ घालेल म्हणून कितीतरी आया ते झोपेत असतानाच ट्रॅक्टरवर चढतात. त्यांना दोष कसा द्यायचा? पण सकाळी पोर उठतं तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं असतं. मग ते झोपायला भितं, अंथरूण ओलं करतं, शाळेत पोट धरून बसतं. आरोग्य केंद्रात जंताची गोळी मिळते. आजी दृष्ट काढते. गुरुजींच्या मते ते आगाव झालेलं असतं. त्याची बारा वर्षांची बहीण भाकऱ्या थापते, त्याला आंघोळ घालते. ती रडत नाही, म्हणून तिला शहाणी म्हणतात. तिच्याबद्दल घरात घोर एकच: वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? हंगामाच्या तोंडावर उरकलेली कितीतरी लग्नं या धास्तीतून होतात.

फोन आहे की, असं कोणी म्हणेल. फडावर पहाटेपासून तोड चालते आणि वाहन येईल तेव्हा मोळ्या भराव्या लागतात, मग रात्रीचे दहा असोत की दोन. आईला अमुक वाजता फोन करते असं सांगताच येत नाही. पोर जागं राहून वाट बघतं, दमून झोपतं, आणि फोन येतो तो त्यानंतर. लेकरू तापानं फणफणलं तरी खाडा पडेल म्हणून ती येऊ शकत नाही. खाड्याचे पैसे कापले जातात, हे आयुक्तसाहेबांना मी सांगायला नको. ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जाण्याचा प्रश्न गाजला तेव्हा 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पण पोराचं अंथरूण ओलं होतं याची बातमी होत नाही.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चांगला आहे, मराठीत बोलता येतं. पण नऊ वर्षांचं पोर आजीच्या बटणाच्या फोनवरून तो लावणार नाही. मोठ्या माणसानंच त्याच्यापर्यंत जायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन दात, डोळे, हृदय तपासतं. स्थलांतराच्या गावांत ही फेरी डिसेंबर-जानेवारीत ठेवा, आणि झोप, भूक, भीती यांबद्दल चार प्रश्न त्याच कागदावर घाला. ज्यांची उत्तरं काळजीची वाटतील त्यांना जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांनी तालुक्याला येऊन भेटावं. आजीला एसटीनं जिल्ह्याला बोलावू नये. हंगामी वसतिगृहासाठी गावातलीच एक बाई मानधनावर नेमा. स्वयंपाकाला नव्हे, पोरांजवळ बसायला. शिक्षकांना एवढं तरी शिकवा की आगाव आणि घाबरलेलं पोर पुष्कळदा एकच असतं.

आणि आयुक्तसाहेब, गाळपाचा परवाना तुमच्या सहीनं निघतो. आठवड्यातून एक ठरलेला तास कोयत्याला मोकळा मिळेल, आणि पोर आजारी पडलं म्हणून गावी गेलेल्या आईचा खाडा धरला जाणार नाही, या दोन अटी त्यात घालता येतात का ते बघा. घालायच्या असतील तर सप्टेंबरात घाला, टोळ्या निघायच्या आत.

आपली,
स्थलांतराच्या गावात पोरांबरोबर काम करणारी एक कार्यकर्ती