गाडी तुमची, कुलूप कंपनीचं

व्हिंटेज रॅलीत जुनी डॉज दिसली की कुणीतरी म्हणतंच, "गाड्या असाव्यात तर अशा! आताचे नुसते डबे." हे रडगाणं मला पटत नाही. पण त्यात एक खरी तक्रार दडलीय.

अमेरिकन नावाच्या, पण महाराष्ट्रात तयार झालेल्या दोन गाड्या घ्या. एक, 1950 च्या दशकातली डॉज किंग्जवे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून आमच्या मरोळपासून जवळच, कुर्ल्यात, ती जोडली. दुसरी, 2010 ची शेवरले बीट, जनरल मोटर्सच्या तळेगावच्या कारखान्यातली.

गाडी म्हणून बीटच सरस. डॉजचं सहा सिलिंडरचं इंजिन पेट्रोल ढोसतं, धुराबद्दल तर बोलायलाच नको. बीटमध्ये किती पेट्रोल कधी सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर, क्षणाक्षणाला ठरवतो. कार्ब्युरेटरला ते जमणार नाही.

पण मालकीचं काय? डॉज बिघडली तर पाना आणि जाणता मिस्त्री पुरतो. पार्ट नाही मिळाला तर बऱ्याचदा लेथवर बनवता येतो. बीटच्या बिघाडाचा कोड साध्या स्कॅनरवरही दिसतो; पण नवी किल्ली जोडायची किंवा ईसीयू बदलायचा, तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, नाहीतर चोरवाट. आणि कंपनीने 2017 अखेर भारतातली विक्री थांबवली, 2020 अखेर तळेगावचं उत्पादनही. सर्व्हिस चालू राहील असं आश्वासन दिलं. आश्वासन म्हणजे हक्क नव्हे.

"सगळं खुलं केलं तर चोरांचं फावेल," असं कंपन्या म्हणतात. मग आरसी तपासून द्या की! कुलूप हवंच, पण किल्ली मालकाकडे हवी. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, ही तांत्रिक अडचण नाही, धंद्याचं धोरण आहे. एखादी सेवा बंद करताना ग्राहकाला त्याचा डेटा काढून देणं हा आमच्याकडे साधा शिष्टाचार आहे.

अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्सने 2012 मध्ये कायदा करून बाहेरच्या गॅरेजलाही दुरुस्तीची माहिती द्यायला लावली. आपल्या केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही आली. पोर्टलही झालं. आता सक्ती हवी: विक्री बंद करणाऱ्या कंपनीने मॅन्युअल, डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर आणि किल्ली जोडण्याची सोय खुली करूनच जावं.

डॉजकडे परत जायचं नाहीये. बीटच्या मालकाला डॉजच्या मालकाएवढा हक्क हवा, एवढंच.