गाठ कापण्याआधी बायोप्सी

मांडीत गाठ आली, दुखत नाही, म्हणून शिरूर-दौंडचा कष्टकरी माणूस मजुरी बुडवत नाही. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हे खरेच. पण खोलवरची, वाढत जाणारी, ५ सेंटिमीटरहून मोठी गाठ सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कर्करोग, असू शकते. प्रौढांच्या शंभर कर्करोगांत हा जेमतेम एक. गावच्या डॉक्टरने तो पाहिलेला नसेल, तर त्याला दोष कसा द्यावा? परंतु एमआरआय व बायोप्सी न करता गाठ कापणे घातक आहे. रोग मागे राहतो, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

मोबाईलवर मात्र ‘हमखास इलाज’वाले भोंदू बसलेलेच आहेत! औषधाने कर्करोग बरा करण्याची अशी जाहिरात १९५४ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. विचारायचे तर १९४१ पासून चालू असलेल्या परळच्या टाटा रुग्णालयात विचारा. दौंडकर रेल्वेने, शिरूरकर एसटीने तिथे पोहोचतो आणि बायोप्सीच्या स्लाइड-ब्लॉक गावीच राहिलेले असतात. पुन्हा फेरी, पुन्हा मजुरी बुडाली. निघण्यापूर्वीच ते मागून घ्या. २००२ च्या वैद्यकीय नियमावलीप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरने उपचाराचे कागद दिलेच पाहिजेत. अर्ज लेखी करा, पोच घ्या. लिहिता येत नसेल त्याला वस्तीतल्या शिकलेल्या पोराने लिहून द्यावा.