दुर्बीण की छेद, हा प्रश्नच चुकीचा



मनगटाच्या फाटलेल्या कूर्चेवर दुर्बिणीची शस्त्रक्रियाच खरी, खुली शस्त्रक्रिया कालबाह्य, हा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेखाचा निष्कर्ष दिशाभूल करणारा आहे. करंगळीच्या बाजूच्या त्रिकोणी कूर्चेला रक्तपुरवठा फक्त कडेला असतो. म्हणून कडेची फाट टाके घालून भरून येते; मधली सहसा भरत नाही, तिथे फाटलेला भाग साफ करतात. याहून महत्त्वाचे म्हणजे कूर्चा हाडाच्या खोबणीतून उखडली असेल, तर नुसते सांध्याच्या आवरणाला टाके घालून भागत नाही. ती हाडातच पुन्हा रोवावी लागते, आणि हे काम खुल्या छेदातूनही होते, दुर्बिणीतूनही. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या आढाव्यांत एकीचे निर्विवाद श्रेष्ठत्व सिद्ध झालेले नाही. लेखात याचा उल्लेखही नाही.

दुर्बिणीचा छेद लहान आणि सांध्याच्या आतले दिसते स्पष्ट, एवढे मान्य. पण म्हणून हाताला लगेच काम झेपते असे नाही; शिवलेल्या ऊतीला दोन्ही पद्धतींत भरायला वेळ लागतोच. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत हातावर पोट असलेल्या कामगाराला हे आधी कळायला हवे, नाहीतर तो केवळ ‘दुर्बीण’ या शब्दासाठी कर्ज काढील. करंगळीच्या बाजूचे उलना हे हाड तुलनेने लांब असेल, तर ते आखूड करण्याचाही विचार करावा लागतो. त्यावर लेखात अवाक्षर नाही. फाट कुठे आहे आणि सांधा स्थिर आहे का, हे दोन प्रश्न रुग्णांनी डॉक्टरांना आधी विचारावेत. हा खुलासा कृपया पुरवणीतच छापावा.

– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर