डोक्याचं माप

गेल्या लग्नसराईत एका मंगल कार्यालयात मुलीचे थोरले मामा पंगत बसेपर्यंत फेटा मांडीवर घेऊन बसलेले पाहिले. यजमानांनी साठ तयार फेटे मागवले होते, सगळे एकाच मापाचे. मामांच्या कपाळावर दहा मिनिटांत लाल वळ उठला, कानशिलं ठणकू लागली आणि त्यांनी फेटा उतरवून ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाचा फेटा भुवयांवरून थेट डोळ्यांवर येत होता; तो एका हाताने फेटा सावरत होता आणि दुसऱ्या हाताने अक्षता टाकत होता. फेट्यात खोट काढायला जागा नव्हती. तुरा ताठ, शेमला चोख, रंग पक्का. करणाऱ्याने सगळं मनापासून केलं होतं, फक्त कुणाचं डोकं मोजलं नव्हतं.

टोप्या शिवणारे, पगड्या आणि फेटे तयार करणारे, ते दुकानात मांडून विकणारे असे आपण सगळे या मासिकाचे वाचक आहोत. म्हणून हे संपादकीय त्या मांडीवरच्या फेट्यावर लिहितो आहे.

पूर्वी फेट्याला नंबर लागत नव्हता. पाच-सहा मीटर कापड डोक्यावर गुंडाळलं, की ते त्या डोक्याचंच होऊन जायचं. लांबट डोकं असो, गोल असो, केस दाट असोत वा विरळ, बांधणाऱ्याच्या बोटांना पहिल्या दोन वेढ्यांत सगळं कळायचं. पगडीचं तसं नव्हतं. ती बांधीव, एकदा बांधली, की आकार कायम. त्यामुळे पगडबंद ज्याची पगडी त्याचंच डोकं नजरेसमोर ठेवून कामाला बसायचा. आजचा तयार फेटा दिसतो फेट्यासारखा, पण वागतो पगडीसारखा. आत बक्रमचा साचा, वर टाचलेलं कापड. तो कुणाच्याही डोक्याचं ऐकत नाही. पगडीचा कडकपणा आपण घेतला, पण पगडबंदाची मोजणी मात्र सोडून दिली. तिच्या जागी ‘फ्री साइज’ हे दोन शब्द आले. माझ्या मते आपल्या धंद्यातलं हे मापात पाप आहे.

मोजणी अवघड नाही. टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या वर बोटभर जागा सोडून, मागे डोक्याचा जो सर्वांत फुगीर भाग हाताला लागतो त्यावरून फिरवायची. आवळायची नाही, ढिलीही सोडायची नाही. दोनदा मोजायचं, आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. माप दोन आकड्यांच्या मध्ये आलं, तर वरचा आकडा धरायचा, कारण सैल टोपी आतल्या पट्टीने घट्ट करता येते, घट्ट टोपी सैल करणं कठीण. आणि गल्ल्यावरची टेप वर्षातून एकदा स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. कापडी टेप वापरून ताणली जाते आणि मग सगळीच मापं आखूड भरतात.

आता नंबरांकडे येऊ. गांधी टोपी आपण इंचांत विकतो: 21, 22, 23, आणि बऱ्या दुकानात मधले अर्धे नंबरही. युरोपात टोपीचा नंबर म्हणजे डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये, 57 म्हणजे 57. अमेरिकेत इंचांतल्या घेराला पायने भागतात, म्हणजे व्यासाचा आकडा येतो, आणि नंबर इंचाच्या आठव्या हिश्श्याने चढतात. व्यासात इंचाचा आठवा हिस्सा वाढला, की घेर जवळजवळ नेमका 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पद्धती दोन असल्या, तरी पायरी एकच. आपली अर्ध्या इंचाची पायरी 1.27 सेंटिमीटरची होते, तीही चालून जाईल. पण जे दुकानदार फक्त पुरे इंच ठेवतात, त्यांची पायरी अडीच सेंटिमीटरची आहे. 57 सेंटिमीटरच्या डोक्याला 22 नंबर सेंटिमीटरभर घट्ट आणि 23 नंबर जवळपास दीड सेंटिमीटर सैल. त्या गिऱ्हाइकासाठी आपल्या दुकानात टोपीच नाही, आणि आपण त्याला सांगतो की वापरून वापरून बसेल.

कापडाचाही हिशेब हवा. न भिजवलेल्या खादीची टोपी शिवली आणि पहिल्या धुण्यात कापड शेकडा 3 आक्रसलं, तर 57 सेंटिमीटरच्या पट्टीतून 1.7 सेंटिमीटर गेले. हे एका नंबराहून जास्त झालं. वर खळ घातली, की टोपीत होती नव्हती ती लवचीकताही संपली. मुंबईचा डबेवाला हातगाडी ओढत, गर्दीतून वाट काढत, दिवसभर ती टोपी घालून पळतो. त्याच्या टोपीचं कापड कात्रीखाली येण्याआधी भिजवून वाळवणं ही आपली जबाबदारी आहे.

घेर जुळला म्हणजे काम संपलं, असंही नाही. एक डोकं 20 सेंटिमीटर लांब आणि 16 रुंद धरा, दुसरं 19 लांब आणि 17 रुंद. दोघांचाही घेर साडेछप्पन सेंटिमीटरच्या जरा वर येतो. नंबर एकच, पण पहिल्याची टोपी दुसऱ्याच्या कानशिलांना चावेल आणि कपाळाशी फट ठेवेल. मऊ कापडी टोपी हा फरक पोटात घालते. बक्रमचा फेटा, पुणेरी पगडी किंवा फेल्ट हॅट घालत नाही.

यावर एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कारागिरांनी एक यंत्र काढलं, कॉन्फर्माटर नावाचं. दिसायला उंच हॅटसारखं, पण त्याची भिंत उभ्या सुट्या पट्ट्यांची, पियानोच्या पट्ट्यांसारखी. डोक्यावर ठेवलं, की प्रत्येक पट्टी आपापल्या जागी डोक्याला टेकते. वरचं झाकण दाबलं, की सुया कागदाला टोचून डोक्याची लहान केलेली आकृती उमटवतात. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर लॉक अँड कंपनी हे 1676 पासूनचं दुकान आहे. नेल्सनच्या टोप्या तिथे झाल्या, 1849 मध्ये पहिल्या बोलर हॅटची मागणी तिथेच नोंदवली गेली. या दुकानाने आपल्या गिऱ्हाइकांच्या डोक्यांच्या अशा आकृत्या जपून ठेवल्या आहेत. असे कागद पाहिले, की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की कुणाचंच डोकं लंबगोल नसतं. एका बाजूला फुगवटा, दुसऱ्या बाजूला खळगा, मागे कललेला कोन. अंगठ्याच्या ठशाइतकं ते ज्याचं त्याचं असतं.

ते यंत्र आपल्याला परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. वायरमनकडे मिळणारी प्लास्टिकच्या आवरणाची जाड एकेरी तांब्याची वायर दीड-दोन हात घ्या. डोक्याभोवती अलगद बसवा, जुळणाऱ्या टोकांवर खूण करा, आकार न मोडता उचलून कागदावर ठेवा आणि पेन्सिलीने आखा. दोन मिनिटांचं काम आहे. नवरदेवाचा फेटा किंवा कुणाची सत्काराची पगडी करताना तरी हे करायलाच हवं. पुणेरी पगडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण सत्कारमूर्ती फोटो निघताच पगडी काढून शेजाऱ्याच्या हातात देत असेल, तर तो मान डोक्यावर किती वेळ राहिला?

मुलांबाबत आपण सर्वांत जास्त चुकतो. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर, पहिल्या वाढदिवसाला 46 च्या आसपास. एका वर्षात अकरा-बारा नंबर! म्हणूनच आजीच्या कुंचीला आणि टोपऱ्याला बंद असत. पुढे वाढ मंदावते; सात-आठ वर्षांच्या मुलाचं डोकं 51-52 सेंटिमीटरचं असतं, मोठ्या माणसापेक्षा पाच-सहा सेंटिमीटरच कमी. या मधल्या वयाचे तयार फेटे बाजारात जवळजवळ नाहीत. एक ‘बेबी’ आणि एक मोठा, संपलं.

पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून फेटा घालणाऱ्या बायका आता आपलं मोठं गिऱ्हाईक आहेत. त्यांचं माप अंबाडा घालूनच घ्या, आणि अंबाडा खाली की वर हे विचारा. परदेशातल्या मराठी मंडळांच्या मागण्या येतात, तिथे आणखी एक खाचखळगा आहे. ब्रिटिश नंबर अमेरिकन नंबरापेक्षा आठव्या हिश्श्याने लहान असतो. सव्वासात नंबर सांगणाऱ्या न्यू जर्सीच्या माणसाला 58 चा फेटा लागतो, लंडनच्या माणसाला 59 चा. नंबर विचारूच नका, सेंटिमीटर मागवा.

‘फ्री साइज’ची चिठ्ठी काढून टाका. प्रत्येक नगाच्या आत सेंटिमीटरचा आकडा लिहा, विणलेल्या लेबलवर जमलं तर उत्तम, नाहीतर धुण्यात न जाणाऱ्या शाईने. गिऱ्हाइकाने टोपी घातल्यावर लगेच पैसे घेऊ नका. कपाळाशी एक बोट सहज सरकतं का पाहा, त्याला खाली वाकायला सांगा, पाच मिनिटं दुकानातच बसवा, मग टोपी काढून कपाळ पाहा.

आणि एक विनंती. येत्या महिनाभरात गल्ल्याशी एक वही ठेवा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोक्याचा घेर, लांबी, रुंदी आणि अंदाजे वय तिच्यात लिहा. नाव नको, फोन नको. महिनाअखेरीस त्या पानांची प्रत आमच्याकडे पाठवा. सगळ्यांचे आकडे एकत्र करून कोणत्या नंबराचे किती नग ठेवावेत याचा तक्ता आम्ही याच पानांवर छापू. तुळशीचं लग्न लागलं की मागण्या सुरू होतील. त्याआधी हा तक्ता तुमच्या हातात पडायला हवा.