बियाणे तपासतो, मग हिशेब का नको?

पेरणीआधी आपण सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो व आठवड्याने किती उगवले ते मोजतो. सत्तरच्या खाली आले तर दाट पेरतो किंवा बीच बदलतो. हवामान बदलाचे नुकसान पैशांत मोजणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या गणिताची अशी उगवण पुष्कळ वर्षे नीट पाहिली नाही, अशी आमची तक्रार आहे. ही झळ शेतीवर जगणाऱ्या गरिबांना अधिक बसते, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात लिहिले होते. म्हणून हा विषय या पानावर घेतला.

हवामानशास्त्राची मोठी प्रतिमाने महासंगणकावर आठवडेच्या आठवडे चालतात. अर्थशास्त्रज्ञाला तेच गणित हजारो वेळा करायचे असते, म्हणून तो हवा, समुद्र व तापमान थोड्या समीकरणांत बसवतो. त्यात गैर काही नाही. अमेरिकेचे विल्यम नॉर्डहाउस यांचे 'डाइस' हे असेच लहान प्रतिमान. त्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तपासणी समजायला सोपी आहे. हवेत एकदम दहा हजार कोटी टन कार्बन सोडला असे धरायचे आणि लहान व मोठ्या प्रतिमानांत तापमान केव्हा, किती चढते ते शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. २०२१ साली सायमन डीट्झ व सहकाऱ्यांनी हे केले. मोठ्या प्रतिमानांत उष्णता दहाएक वर्षांत चढते आणि मग जवळपास तशीच टिकते. डाइसमध्ये चढायलाच कित्येक दशके जातात.

उशिराने बिघडले काय? सावकाराला विचारा! दरसाल शेकडा चार व्याज धरले, तर दहा वर्षांनी होणाऱ्या १०० रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत ६८ रुपये, पन्नास वर्षांनी होणाऱ्या तेवढ्याच नुकसानीची अवघी १४. उष्णता उशिरा दाखवली की धुराचा भाव पडतो, आणि खोटे कोणीच बोललेले नसते.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२३ मध्ये टनाला १९० डॉलर हा आकडा काढला, तेव्हा मोठ्या प्रतिमानांशी पडताळलेले 'फेअर' हे लहान प्रतिमान वापरले. आधीचा आकडा ५१ होता. (सगळी वाढ त्यामुळेच झाली असे नाही, व्याजाचा दरही उतरवला होता.)

नुकसानीचा अंदाजच इतका कच्चा, मग तापमानाची चिकित्सा कशाला, असे काही जण म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. नुकसानीवर वाद चालूच राहील, पण तापमानाची बाजू आज तपासता येते. स्वित्झर्लंडमधील डोरिस फोलिनी, फेलिक्स क्युब्लर आदींनी तर दाखवून दिले की डाइसची समीकरणे तशीच ठेवून आतले आकडे नव्याने बसवले, तरी मेळ जमतो. एवढ्यावर काम भागत असताना, तपासणीचा निकाल सोबत छापल्याखेरीज धुराच्या टनाचा कोणताही भाव सरकारांनी स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.