परसत्तेसाठी रदबदली

मार्च १९८६ मध्ये अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एका गृहस्थाचे छायाचित्र झळकले. आलिशान मोटारीच्या मागच्या आसनावर बसून कानाला दूरध्वनी लावलेले हे गृहस्थ म्हणजे मायकेल डीव्हर. अध्यक्ष रेगन यांच्या कार्यालयाचे ते उपप्रमुख. आदल्याच वर्षी पद सोडून त्यांनी मसलतीची पेढी उघडली, आणि कॅनडा, दक्षिण कोरिया अशी सरकारे तिची गिऱ्हाइके झाली. आम्लवर्षेच्या प्रश्नावर कॅनडाशी कसे वागावे याचा खल व्हाइट हाउसमध्ये चालला असता जे त्यात सहभागी होते, तेच अल्पावधीत त्याच प्रश्नावर कॅनडाकडून १,०५,००० डॉलरांचा मुशाहिरा घेऊन रदबदलीस उभे राहिले. डिसेंबर १९८७ मध्ये ते दोषी ठरले खरे. परंतु शाबीत झाला तो गुन्हा शपथेवर खोटे बोलल्याचा. पदामुळे आलेली ओळख परसत्तेच्या पदरी घालणे हा त्या शिक्षेचा विषयच नव्हता.

लोकप्रतिनिधी, मंत्री, राजदूत, सेनापती अशा वरिष्ठ अधिकारपदांवर ज्यांनी काम केले, त्यांना परकीय सरकारची सवेतन रदबदली करण्यास आजन्म मनाई असावी, असा माझा पक्ष आहे. या पक्षावर येणारे आक्षेप काही अगदीच पोकळ नाहीत, म्हणून त्यांचा परामर्श क्रमाने घेणे भाग आहे.

पहिला आक्षेप मतस्वातंत्र्याचा. सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या संविधानाने प्रत्येकास दिला असता केवळ पूर्वी पद भूषविले म्हणून तो हिरावून घेणे अन्याय्य होय, असे म्हटले जाते. परंतु मनाई मताला नाही, मजुरीला आहे. माजी सिनेटरास सौदी अरबस्तानची बाजू न्याय्य वाटत असेल तर त्याने खुशाल लेख लिहावेत, व्याख्याने झोडावीत. फक्त रियाधच्या खजिन्यातून त्याचे दाम घेऊ नयेत. आपल्याच संविधानाचा १२४ वा अनुच्छेद पाहा. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश निवृत्त झाल्यावर भारतातील कोणत्याही न्यायालयात वकिली करू शकत नाही. आणि त्याची वाचा बंद केली म्हणून आजवर कोणी टाहो फोडल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप असा की, उघडपणा पुरेसा आहे. नाझी प्रचाराच्या धास्तीने १९३८ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्यान्वये परसत्तेच्या हस्तकाने आपले नाव, करार व मेहनताना सरकारदफ्तरी नोंदवावा लागतो. मग मनाई कशाला? हा युक्तिवाद कागदावर सुबक दिसतो. व्यवहार असा की, १९६६ ते २०१५ या अर्धशतकात त्या कायद्याखाली अवघे सात फौजदारी खटले झाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तर तेथील न्यायखात्याने फौजदारी कारवाई हेरगिरीसदृश प्रकारांपुरतीच सीमित करण्याचे फर्मान काढले. शिवाय नोंदणी केल्याने कृत्याचे स्वरूप पालटत नाही. प्रतिनिधिगृहात असताना १९१५ च्या आर्मेनियन नरसंहाराला नरसंहार म्हणावे असा आग्रह धरणारे रिचर्ड गेपहार्ट २००७ मध्ये तुर्कस्तानच्या वेतनावर त्याच ठरावाला आडवे गेले, ते सर्व रीतसर नोंदवून. दप्तर चोख होते.

तिसरा आक्षेप मुदतीचा. एक वर्ष थांबण्याचा दंडक अमेरिकेत बहुतेक वरिष्ठ अधिकाऱ्यांना आहेच, तेवढा बस्स झाला, असे आक्षेपकांचे म्हणणे; आणि येथेच या वादाचे मर्म आहे. वर्षाची मुदत घालणारे असे गृहीत धरतात की, दोष निवृत्तीनंतर उपजतो. प्रत्यक्षात त्याची बीजे खुर्चीवर असतानाच पेरली जातात. रिचर्ड ओल्सन हे पाकिस्तानात अमेरिकेचे राजदूत होते. २०१७ मध्ये, म्हणजे थांबण्याची मुदत सरण्यापूर्वीच, त्यांनी कतारला साह्य केले, आणि त्याबद्दल २०२२ मध्ये गुन्हा कबूल केला. परंतु त्याच खटल्यात दुसरा कबुलीजबाब होता, तो मला अधिक बोलका वाटतो: राजदूतपदी असतानाच ते एका आखाती व्यापाऱ्याच्या खर्चाने पहिल्या वर्गाचा विमानप्रवास करून नोकरीच्या मुलाखतीसाठी लंडनला गेले होते, आणि ही गोष्ट त्यांनी आपल्या विवरणपत्रात दडविली होती. शिक्षा झाली तीन वर्षांची देखरेख आणि ९३,३५० डॉलर दंड. उद्याचा धनी कोण हे ज्याच्या मनात आज घोळू लागले, त्याच्या आजच्या शेऱ्यावर, अहवालावर आणि मौनावरही त्या धन्याची छाया पडते. ती कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही, आणि वर्षभर थांबल्याने पुसलीही जात नाही. आजन्म मनाई निवृत्ताला बांधते असे दिसते. वस्तुतः ती सेवेत असलेल्याचे मन मोकळे ठेवते.

अशा बंधनाने गुणवान माणसे सरकारात येणार नाहीत, हा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढतो. अमेरिकेच्या व्यापार-प्रतिनिधीला १९९५ पासून नेमकी हीच आजन्म बंदी आहे, आणि त्या पदासाठी उमेदवारांचा दुष्काळ पडलेला नाही.

आपल्याकडील काही मित्र वेगळाच मुद्दा काढतात: यात आपला लाभच आहे, मग आपण का बोलावे? २००५ मध्ये अमेरिकेशी अणुकराराच्या वाटाघाटी चालू असता भारताने वॉशिंग्टनमधील बार्बर, ग्रिफिथ अँड रॉजर्स ही पेढी नेमली, आणि तिच्यात रॉबर्ट ब्लॅकविल होते, जे दोनच वर्षांपूर्वी दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते. त्यात काही बेकायदा नव्हते, आणि करारही पार पडला. परंतु हा बाजार आपल्यापुरताच खुला नाही. माजी सिनेटर नॉर्म कोलमन यांनी सौदी अरबस्तानसाठी असेच काम केले. तेलाच्या पैशाशी चढाओढीत आपली थैली किती पुरेल याचा हिशेब मित्रांनी करावा.

राहिला प्रश्न हे साधावे कसे याचा. अध्यक्षीय हुकमाचा मार्ग दोनदा चोखाळून झाला. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये पदग्रहणाच्या दिवशीच आपल्या वरिष्ठ नेमणुकांवर परकीय सरकारांच्या चाकरीची आजन्म बंदी घातली, आणि २००० च्या डिसेंबरात, निघता निघता, स्वतःच उठविली. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये तीच घातली आणि १९ जानेवारी २०२१ रोजी, कारकीर्द संपायच्या आदल्या दिवशी, तशीच उठविली. ज्याच्या माणसांना पोटापाण्याची सोय पाहायची आहे त्याच्याच लेखणीत बंदीचा प्राण असेल, तर ती टिकावी कशी? म्हणून कायदाच हवा. आपल्या १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांत वरिष्ठ अधिकाऱ्याने परवानगीवाचून परकीय सरकारची नोकरी धरल्यास निवृत्तिवेतन रोखण्याची तजवीज होती. तीच तेथेही घालता येईल, कारण तुरुंगाची भीती वकील लावून टळते, मासिक निवृत्तिवेतनाची गाठ मात्र थेट घरखर्चाशी असते. विद्यापीठातील अध्यापन, किंवा स्वतःच्या सरकारच्या संमतीने केलेली मध्यस्थी, एवढे अपवाद त्यात राखावेत. २०२२ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहात आजन्म बंदीचे विधेयक आले होते. ते मंजूर झाले नाही, आणि त्यावर ज्यांनी हात वर करायचे होते त्यांच्यातलेच कित्येक उद्या माजी सभासद होणार होते.